तीन पराभवांपलीकडची बेटी स्टोवे

खेळाचा इतिहास हाही अखेर कथनाचाच एक प्रकार आहे. कोणत्याही कथनाप्रमाणे त्याला नायक लागतो, प्रतिस्पर्धी लागतो आणि मनासारखा शेवटही लागतो. जे या चौकटीत बसत नाही, ते तळटीपेत जाते. बेटी स्टोवे या डच टेनिसपटूच्या कारकिर्दीचे नेमके हेच झाले आहे, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहावे असे मला वाटते तेही याच कारणासाठी.

१९७७ चे विम्बल्डन हे त्या स्पर्धेचे शताब्दी वर्ष होते. इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सवही त्याच वर्षी होता, आणि १९६२ नंतर प्रथमच राणी विम्बल्डनला आली होती. स्त्रियांच्या एकेरीच्या अंतिम फेरीत एका बाजूला होती यजमान देशाची व्हर्जिनिया वेड. वय बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर आणि विम्बल्डनची ही तिची सोळावी खेप. वेडने ४–६, ६–३, ६–१ असा विजय मिळवला, राणीच्या हातून चषक घेतला आणि प्रेक्षकांनी तिच्यासाठी एकसुरात गाणे म्हटले. २०२५ च्या स्पर्धेपर्यंत तरी दुसऱ्या कोणत्याही ब्रिटिश स्त्रीला एकेरीचे ते विजेतेपद मिळालेले नाही. इतकी सर्वांगपूर्ण कथा खेळाच्या इतिहासाला क्वचितच मिळते.

या कथेत जाळीच्या पलीकडे उभी होती बेटी स्टोवे. जन्म रॉटरडॅमचा, १९४५ चा. उंच बांध्याची, आक्रमक शैलीची खेळाडू. उपांत्यपूर्व फेरीत तिने मार्टिना नवरातिलोवाला हरवले होते आणि उपांत्य फेरीत स्यू बार्करला. म्हणजे दोन ब्रिटिश स्त्रियांमधला अंतिम सामना तिच्यामुळेच टळला होता. विम्बल्डनच्या एकेरीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली डच स्त्री. पहिला सेटही तिनेच जिंकला होता. पण त्या दिवसाच्या वर्णनांत हे तपशील फारसे सापडत नाहीत. ‘वेडने डच प्रतिस्पर्ध्याला नमवले’ एवढ्या वाक्यात ती संपते.

जिथे तिची स्वतंत्र आठवण काढली जाते, तिथेही ती एका विचित्र विक्रमाची धनी म्हणून. त्या वर्षी ती एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा तिन्ही अंतिम फेऱ्यांत पोचली आणि तिन्ही हरली. दुहेरीत तिची जोडीदार नवरातिलोवाच होती. ज्या पंधरवड्यात तिला हरवले, त्याच पंधरवड्यात तिच्यासोबतही खेळली. हा सामना हेलन कॉली आणि जोॲन रसेल यांनी ६–३, ६–३ असा जिंकला. मिश्र दुहेरीत फ्रू मॅकमिलनसह पहिला सेट घेऊनही पुढचे दोन सेट हातचे गेले. तीन सामने, तीन पराभव. करुणरसाला याहून चांगला आलंबनविभाव कोणता मिळणार? म्हणून क्रीडालेखकांनी तिला दुर्दैवाची नायिका करून टाकले.

माझा आक्षेप या करुणरसालाच आहे. तो सहानुभूतीचा आव आणतो आणि कारकीर्द मात्र पुसून टाकतो. कथन ज्या दिवशी थांबते, त्या दिवशी जीवन थांबत नसते. विम्बल्डननंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर १९७७ मध्ये, अमेरिकन ओपनमध्ये स्टोवे याच नवरातिलोवासह दुहेरीची आणि याच मॅकमिलनसह मिश्र दुहेरीची विजेती ठरली. पुढच्याच वर्षी, १९७८ मध्ये, विम्बल्डनची मिश्र दुहेरीही या जोडीने जिंकली आणि १९८१ मध्ये पुन्हा जिंकली. तेव्हा स्टोवे छत्तीस वर्षांची होती.

मागे जाऊन पाहिले तर चित्र आणखी बदलते. १९७२ मध्ये तिने बिली जीन किंगसह फ्रेंच ओपन आणि विम्बल्डन, तर फ्रान्स्वाझ ड्युरसह अमेरिकन ओपन अशी एकाच वर्षात दुहेरीची तीन प्रमुख विजेतेपदे मिळवली होती. १९७९ मध्ये वेंडी टर्नबुलसह आणखी दोन. सगळी बेरीज केली तर सहा दुहेरीची आणि चार मिश्र दुहेरीची, अशी दहा ग्रँड स्लॅम विजेतेपदे तिच्या नावावर आहेत. ज्या खेळाडूला आपण पराभवासाठी ओळखतो, तिचा हा हिशेब आहे.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की दुहेरी हा दुय्यम प्रकार आहे. खरी कसोटी एकेरीत लागते. यात काहीच तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. एकेरीत खेळाडूला लपायला जागा नसते, आणि १९७७ ची ती दुपार स्टोवेला हवी होती, ती तिला मिळाली नाही, हेही खरे. परंतु आजच्या दुहेरीकडे पाहून त्या काळाच्या दुहेरीचे मूल्यमापन करणे हा कालविपर्यास आहे. आज दुहेरीत केवळ दुहेरीच खेळणारे अनेक जण आढळतात. १९७० च्या दशकात मात्र एकेरीतले अग्रणी खेळाडू नेमाने दुहेरीतही उतरत. १९७२ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात स्टोवे आणि ड्युर यांनी हरवलेली जोडी होती मार्गारेट कोर्ट आणि व्हर्जिनिया वेड. म्हणजे जिच्यापुढची हार स्टोवेची ओळख झाली, त्या वेडला तिने पाच वर्षे आधी एका ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत हरवले होते. इतिहासाने एक सामना लक्षात ठेवला आणि दुसरा विसरला. शिवाय ती एकेरीतही काही सामान्य नव्हती. १९७७ मध्ये ती जागतिक क्रमवारीत पाचव्या स्थानावर पोचली होती, आणि डच स्त्रियांमध्ये तो क्रमांक ओलांडायला २०१९ मध्ये किकी बर्टन्स यावी लागली.

दुहेरीचे मोल आपल्याला कळत नाही याचे कारण तिथे श्रेयाची वाटणी करता येत नाही. जाळीजवळ उभ्या खेळाडूने मारलेला निर्णायक फटका सर्वांना दिसतो. पण तो चेंडू तसा सोपा होऊन यावा म्हणून मागून केलेली सर्व्हिस दुसरीची असते. गुणफलकावर गुण जोडीचा लागतो. गायनाच्या मैफलीत साथीदार असतो, पण दुहेरीतला जोडीदार हा साथीदार नव्हे. तिथे मुख्य आणि साथ असा भेदच नसतो. दर गुणागणिक भूमिका बदलतात. स्टोवेच्या दहा विजेतेपदांमागे पाच वेगवेगळे जोडीदार आहेत. इतक्या भिन्न स्वभावांच्या आणि शैलींच्या खेळाडूंशी आपला खेळ जुळवून घेणे ही स्वतंत्र प्रतिभा आहे, आणि तिला नाव देणारी परिभाषा आपण घडवलेली नाही.

ही वृत्ती केवळ कोर्टापुरती नव्हती. जून १९७३ मध्ये, विम्बल्डन सुरू होण्याच्या काही दिवस आधी, लंडनच्या ग्लॉस्टर हॉटेलात साठाहून अधिक स्त्री खेळाडू जमल्या. पुरुषांच्या तुलनेत मिळणाऱ्या तुटपुंज्या बक्षिसांविरुद्ध संघटना उभारावी, हा बिली जीन किंगचा आग्रह होता. निर्णय झाल्याशिवाय कोणी बाहेर पडू नये म्हणून किंगने उंचापुऱ्या स्टोवेला दार बंद करून तिथे उभे राहायला सांगितले. त्या बैठकीतून विमेन्स टेनिस असोसिएशन जन्माला आली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनने स्त्री-पुरुषांना समान बक्षीस दिले. विम्बल्डनने ते द्यायला २००७ उजाडले. या इतिहासात किंगचे नाव ठळक अक्षरांत आहे आणि ते योग्यच आहे. पण दाराशी कोणीतरी उभे राहिले होते, हेही त्या इतिहासाचाच भाग आहे.

पुढे स्टोवे प्रशिक्षक झाली. तिची शिष्या हाना मांडलिकोवा हिने १९८५ च्या अमेरिकन ओपनमध्ये उपांत्य फेरीत ख्रिस एव्हर्टला आणि अंतिम फेरीत नवरातिलोवाला हरवून एकेरीचे विजेतेपद मिळवले. जे यश स्टोवेला स्वतः मिळाले नाही, ते दुसरीला मिळवून देण्यात तिचा वाटा होता. यातही करुणरस शोधणारे शोधतील. मला मात्र यात सातत्य दिसते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढे हे मांडण्याचे कारण आता स्पष्ट व्हावे. आपला वाङ्मयेतिहासही एकेरीतच लिहिला जातो. लेखक, त्याची कृती, त्याचा काळ. भाषांतरकार, संपादक, हस्तलिखितावर हात फिरवणारे मित्र, नाटकाची संहिता तालमीत घडवणारे नट हे सारे प्रस्तावनेतल्या ऋणनिर्देशात संपतात. आणि कधी त्यांची दखल घ्यावीशी वाटली, तर आपण त्यांना ‘उपेक्षित’ ठरवून हळहळतो. ही हळहळ उपेक्षेइतकीच आळशी असते, कारण तीही कामाकडे पाहत नाही. उपेक्षितांवर एक हळवा लेख लिहिणे सोपे आहे. त्यांनी नेमके काय केले हे तपशिलात जाऊन वाचणे आणि त्यासाठी लागणारे निकष तयार करणे अवघड आहे.

म्हणून बेटी स्टोवेबद्दल वाईट वाटून घेऊ नये, असे माझे म्हणणे आहे. तिच्या कारकिर्दीला सांत्वनाची गरज नाही, नीट वाचनाची आहे. १९७७ च्या त्या तीन पराभवांची नोंद अवश्य ठेवावी. मात्र त्याच ओळीत हेही लिहावे, की तीन वेगवेगळ्या प्रकारांत, तेही स्पर्धेच्या शताब्दी वर्षात, अंतिम दिवसापर्यंत टिकलेली ती एकटीच होती.