दिसेल त्याचंच मोल

आठवतंय का मैत्रिणींनो, २०१९ च्या फेब्रुवारीत आपल्या सगळ्यांच्या हातात चॅनेलची यादी आली होती? ‘हवी ती चॅनेल निवडा, तेवढ्यांचेच पैसे द्या’ असा ट्रायचा नवा नियम लागू झाला आणि घराघरांत कागद-पेन घेऊन हिशेब सुरू झाले. मुलांचं कार्टून ठेवायचं की सासूबाईंचं भक्तीचं चॅनेल? ह्यांचं क्रिकेट की आपली मालिका? बहुतेक घरांत शेवटी काय राहिलं आणि कशावर काट बसली, ते तुम्हीही जाणता आणि मीही!

असाच हिशेब गेली काही वर्षं अमेरिकेतली घरं करतायत. तोही कॉलेजच्या मॅचसाठी. माझी मावसबहीण तिकडे ओहायो राज्यात असते. तिची लेक तिथल्याच विद्यापीठात शिकते, त्यामुळे शनिवारची मॅच म्हणजे घरातला सणच. केबलचं बिल फार वाढलं म्हणून त्यांनी ती काढून टाकली, आणि मग लेकीच्या कॉलेजचा सामना बघायचा कुठे, असा प्रश्न उभा राहिला. परवा फोनवर अर्धा तास ती हेच सांगत होती. ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे मात्र आपल्याकडच्या कॉलेजातल्या कबड्डी-खो-खोच्या पोरी येत होत्या. तो संबंध काय, हेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी तिकडचं समजून घेऊ. अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या आधीचा क्रीडासप्ताह नव्हे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एका वेळी लाखाहून जास्त माणसं बसतात. (त्यांचा फुटबॉल वेगळा, हातात चेंडू घेऊन पळायचा.) तिथल्या विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. या गटांची स्वतःची टीव्ही चॅनेल आहेत. ‘बिग टेन’ गटाचं चॅनेल २००७ साली आलं, ‘एसईसी’चं २०१४ साली आणि ‘एसीसी’चं २०१९ साली. पण बरीच वर्षं ती बघायची तर केबल किंवा डिशच्या मोठ्या पॅकेजातूनच. म्हणजे तुम्हाला फक्त चटणी हवी असली तरी पैसे अख्ख्या थाळीचे मोजायचे.

मग इंटरनेटवरून टीव्ही दाखवणाऱ्या कंपन्या आल्या. स्लिंग टीव्ही २०१५ मध्ये, यूट्यूब टीव्ही २०१७ मध्ये. (हे यूट्यूब टीव्ही म्हणजे आपल्या मोबाइलवरचं फुकटचं यूट्यूब नव्हे, ते महिन्याच्या वर्गणीचं आहे.) लोकांना वाटलं, सुटलो एकदाचे केबलवाल्याच्या तावडीतून! सुरुवातीला यूट्यूब टीव्हीची वर्गणी होती महिन्याला ३५ डॉलर. जानेवारी २०२५ मध्ये ती झाली ८२.९९ डॉलर. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक वाट निघाली. ईएसपीएनने आपली सगळी चॅनेल केबलशिवाय थेट द्यायला सुरुवात केली, महिन्याला २९.९९ डॉलरना. त्यात एसईसी आणि एसीसीची चॅनेल आली. त्याच दिवशी फॉक्स वन ही दुसरी सेवा १९.९९ डॉलरना सुरू झाली, त्यात बिग टेनचं चॅनेल. आता ज्यांच्या घरात एक मूल या गटाच्या कॉलेजात आणि दुसरं त्या गटाच्या, त्यांनी काय करायचं? दोन्ही वर्गण्या भरायच्या!

आणि पैसे भरूनही मॅच दिसेलच, याची खात्री नाही. ३० ऑक्टोबर २०२५ ला यूट्यूब टीव्ही आणि ईएसपीएनची मालक कंपनी डिस्ने यांच्यात पैशांवरून फिस्कटलं. १४ नोव्हेंबरपर्यंत ईएसपीएन आणि एबीसी ही चॅनेल त्या लाखो घरांत बंद होती. ऐन हंगामातले दोन शनिवार कोरडे गेले. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याच्या घरात अंधार, असा प्रकार.

बहिणीने यावर काय केलं? तिने छोटा अँटेना आणला. होय, आपल्या जुन्या छपरावरच्या अँटेनाचाच हा नवा भाऊबंद. तो एकदा विकत घेतला की एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही मोठी चॅनेल तिकडे फुकट दिसतात. बऱ्याचशा मोठ्या मॅच त्यावर येतात. बाकीच्या मॅचसाठी हंगामाचे तीन-चार महिने वर्गणी भरायची आणि हंगाम संपला की बंद करायची. गृहिणीची अक्कल कुठल्याही देशात सारखीच चालते बघा!

आता मुद्द्याची गोष्ट. या सगळ्या चॅनेलच्या बाजारात मुलींचे सामने कुठे होते?

अमेरिकेत १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने मनाई केली. त्यामुळे मुलींना मैदान मिळालं, प्रशिक्षक मिळाले, शिष्यवृत्त्या मिळाल्या. पण कायद्याने मैदान मिळालं तरी टीव्हीचा पडदा काही आपोआप मिळाला नाही.

मार्च २०२१ मध्ये काय झालं, ते वाचण्यासारखं आहे. करोनामुळे मुलांची बास्केटबॉल स्पर्धा एका शहरात आणि मुलींची दुसऱ्या शहरात ठेवली होती. मुलांना मोठी सुसज्ज व्यायामशाळा, आणि मुलींना? वजनांचा एक लहानसा स्टँड! ओरेगॉन विद्यापीठाची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं आणि जगासमोर टाकलं. अवघ्या काही दिवसांत मुलींसाठी नीट व्यायामशाळा उभी राहिली. अर्ज-विनंत्यांना जे जमलं नसतं, ते छोट्याशा व्हिडिओने केलं.

त्यानंतर कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एनसीएएने, बाहेरच्या वकिलांकडून तपासणी करून घेतली. त्यातून निघालेली गोष्ट आपल्यासारख्या हिशेबी बायकांना चटकन कळेल. मुलींच्या बास्केटबॉलचे टीव्हीचे हक्क एकूण २९ स्पर्धांच्या गाठोड्यात बांधून विकले होते, आणि त्या अख्ख्या गाठोड्याचे वर्षाला साधारण ३ कोटी ४० लाख डॉलर येत होते. तपासणी करणारे म्हणाले, एकट्या मुलींच्या बास्केटबॉलचीच किंमत २०२५ मध्ये वर्षाला ८ ते ११ कोटी डॉलर होऊ शकेल! भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट घालावी, तसा मुलींचा खेळ वर घालून दिला जात होता. आणि वर ‘मुलींच्या मॅच बघतं कोण?’ असं विचारायला सगळे मोकळे.

बघतं कोण, त्याचं उत्तर आकड्यांतच पाहा. मुलींच्या बास्केटबॉलचा अंतिम सामना २०२२ मध्ये ईएसपीएनवर सुमारे ४८ लाख लोकांनी पाहिला. २०२३ मध्ये तो प्रथमच एबीसीवर, म्हणजे अँटेनावर फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर आला आणि प्रेक्षक झाले सुमारे ९९ लाख. २०२४ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख! त्या वर्षी मुलांचा अंतिम सामना पाहणारे होते सुमारे १ कोटी ४८ लाख. मुलींनी मुलांना मागे टाकलं. केटलिन क्लार्क नावाच्या खेळाडूची जादू त्यात होती, हे खरंच. ती गेल्यावर २०२५ मध्ये आकडा ८५ लाखांच्या आसपास खाली आला. पण २०२२ शी ताडून पाहा. तरीही तो दुपटीच्या जवळ आहे. एकदा लागलेली गोडी पुरती जात नाही.

नेब्रास्का विद्यापीठात तर ३० ऑगस्ट २०२३ ला मुलींची व्हॉलीबॉलची मॅच फुटबॉलच्या मैदानात ठेवली, ती बघायला ९२,००३ माणसं आली. ही काय एका रात्रीत आली? त्या राज्यात मुलींचं व्हॉलीबॉल वर्षानुवर्षं घराघरांत पाहिलं जातंय. आजी, आई, नात सगळ्या बघणाऱ्या. जे डोळ्यांसमोर असतं, त्याचं मोल वाढतं. आणि मोल वाढलं की पैसाही येतो. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या नव्या करारात मुलींच्या बास्केटबॉलचं मोल वर्षाला सुमारे साडेसहा कोटी डॉलर धरलं गेलं, आणि २०२५ पासून स्पर्धेत सामने जिंकणाऱ्या मुलींच्या संघांमागे पैसेही येऊ लागले. मुलांच्या संघांना ते कित्येक वर्षांपासून मिळत होते.

आता आपल्या अंगणात येऊ. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. सांगलीची स्मृती मानधना आज शेंबड्या पोरालाही माहीत आहे, कारण तिला आपण टीव्हीवर पाहिलं. पण त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला, त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. खो-खो तर आपल्या मातीतला खेळ. किती घरांत तो सामना लागला होता?

कॉलेजच्या खेळांची तर बातच सोडा. राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडामहोत्सव होतो, आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात. आपल्याच गल्लीतली मुलगी त्यात खेळून येते आणि आपल्याला कळतं ते पेपरात आतल्या पानावर दोन ओळी आल्या तर.

आणि गंमत अशी, की आपल्याकडे फुकटची वाट अमेरिकेपेक्षा रुंद आहे. डीडी फ्री डिश २००४ पासून चालू आहे. डिश आणि बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं नाही, आणि त्यावर डीडी स्पोर्ट्स दिसतं. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. खेलो इंडियाच्या विद्यापीठ स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाल्या, त्यातले सामने आपल्याला घरी बसून बघता येतात. मोठ्या राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांसाठी तर २००७ चा कायदा आहे, खासगी चॅनेलला ते प्रसार भारतीला द्यावेच लागतात. पण जिल्ह्याच्या, विद्यापीठाच्या पातळीवरच्या आपल्या मुलींना या कशातच जागा नाही. रस्ता तयार आहे, गाडीच कुणी सोडत नाही.

महिला मंडळाच्या कामामुळे आमच्या तालुक्याच्या कॉलेजात माझं जाणं-येणं असतं. बाहेरगावी सामना असला की कबड्डीच्या मुलींच्या घरी परवानगी काढायला आम्हाला दारोदार फिरावं लागायचं. मग तिथल्या खेळाच्या मॅडमनी एक साधी गोष्ट केली. स्टँडवर मोबाइल लावून कॉलेजच्या खात्यावरून मॅच थेट दाखवायला सुरुवात केली. एका मुलीचे वडील भाजीचा गाडा लावतात. त्यांनी तराजूशेजारी मोबाइल टेकवून लेकीची मॅच पाहिली, गिऱ्हाइकांनाही दाखवली. पुढच्या वेळी सही मागायला गेलो, तर त्यांनी निमूटपणे पेन घेतलं. लेक बाहेरगावी जाऊन काय करते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ना!

‘पण पोरींचे व्हिडिओ असे नेटवर कशाला?’ हा प्रश्न आम्हालाही आयांनी विचारला. तो चुकीचा नाही. म्हणून नियम केले. मुलीची आणि घरच्यांची लेखी परवानगी हवी. खातं कॉलेजचं, कुणा एकाचं नाही. प्रतिक्रियांची खिडकी बंद. कॅमेरा पूर्ण मैदान दिसेल असा लांब लावायचा. एवढी काळजी घेतली की भीती बरीच कमी होते. काळजी घ्यायची ती मुलींना झाकून ठेवण्यासाठी नव्हे, निर्धास्त खेळू देण्यासाठी.

आणखी एक. ‘फुकट मॅच बघा’ म्हणून मोबाइलवर अनोळखी लिंक येतात, त्या उघडू नका. मॅच राहते बाजूला आणि बँकेचं खातं रिकामं होतं. सरकारी चॅनेल, कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं खातं, एवढंच धरून चाला.

तेव्हा मैत्रिणींनो, दोन कामं करू या. तुमची लेक, भाची, शेजारीण ज्या कॉलेजात खेळते, तिथल्या प्राचार्यांना भेटून सांगा, की मुलींचे सामने दाखवायची सोय करा. एकटीने नको, चार-पाच जणी मिळून जा. विद्यापीठालाही पत्र लिहा, की मुलींचे अंतिम सामने तरी थेट दाखवा. आणि सामना दिसायला लागला, की तो बघा. स्वयंपाक अर्धा तास उशिरा झाला तरी चालेल. बघणाऱ्यांचा आकडा वाढला तरच दाखवणारे पुढे येतात, हे अमेरिकेतल्या मुलींनी दाखवून दिलंय.

घरातला रिमोट कुणाच्या हातात असतो, हे मी सांगायला नको. आठवड्यातली एक संध्याकाळ तो आपण मागून घेऊ या, आपल्या लेकींच्या मॅचसाठी.