किल्ली आपल्या हाती हवी

गुजरातमधील वाडीनार येथे मोठा तेलशुद्धीकरण प्रकल्प चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीवर जुलै २०२५ मध्ये एक विलक्षण प्रसंग ओढवला. कंपनीत रशियन भागभांडवल असल्याच्या कारणावरून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घोषित केले आणि त्यापाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिला दिल्या जाणाऱ्या संगणकीय सेवा थांबविल्या. प्रकल्प भारतात, कर्मचारी भारतीय, परवान्याचे पैसे पूर्णपणे भरलेले असल्याचे कंपनीचे म्हणणे. तरीही तिला स्वतःच्याच पत्रव्यवहारापर्यंत आणि माहितीपर्यंत पोहोचता येईना. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. वृत्तपत्रांनी दोन दिवस त्याची चर्चा केली आणि विषय मिटला. पण तो खरोखर मिटला का? भारताने हे निर्बंध लादले नव्हते, भारतीय न्यायालयाचा तसा आदेश नव्हता. तरीही भारतातील एका मोठ्या उद्योगाच्या कपाटाला परस्पर कुलूप लागले. घर आपले, सामान आपले. किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात, अशी ही अवस्था आहे.

नांदेड जिल्ह्यातील कंधारसारख्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या सर्वसामान्य कुटुंबाचा या मोठ्यांच्या व्यवहाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. आज सातबाराचा उतारा संगणकावर, पतसंस्थेची खाती संगणकावर, शाळेचे निकाल आणि पीक विम्याचे अर्जही संगणकावर. खेड्याचे दैनंदिन जीवन ज्या यंत्रावर येऊन टेकले आहे, त्याच्या आत काय चालते हे जाणणारी माणसे गावात किती, हा खरा प्रश्न आहे. बैलगाडीची धाव निखळली तर ती बसविणारा माणूस गावात होता. विहिरीवरचे इंजिन बिघडले तर ते खोलणारा होता. संगणक आणि भ्रमणध्वनी यांच्या बाबतीत मात्र वापरणारे हजार आणि उघडून पाहणारा एखादाच, असे चित्र आहे.

महाराष्ट्रात संगणकसाक्षरतेचे काम झाले नाही असे नव्हे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम खेडोपाडी पोहोचविला. लाखो गृहिणी, शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी यांच्या मनातील संगणकाची भीती त्याने घालविली, हे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु साक्षरता ही पहिली पायरी असते. अक्षरओळख झालेल्या मुलाने पुढे स्वतःचे पत्र लिहावे, अशी अपेक्षा आपण करतो. संगणकाच्या बाबतीत मात्र दोन दशकांनंतरही बहुतांश समाज अक्षरओळखीवरच थांबला आहे. दुसऱ्याने बनविलेल्या आज्ञावली वापरणे म्हणजे संगणक येणे, हा समज अजून दूर झालेला नाही.

येथेच लिनक्सचा विचार करावा लागतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरता यावी, उघडून अभ्यासता यावी, इतरांना देता यावी आणि सुधारता यावी, हे त्या विचाराचे सूत्र होते. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जगाला कळविले. आणि आपले हे काम केवळ छंद आहे, असेही त्याने तेव्हा सांगून टाकले. त्या छंदाचे पुढे काय झाले? जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालत आहे. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच असल्याने शेतकऱ्याच्या खिशातील फोनपर्यंत तो कधीच पोहोचला आहे. हे एका कंपनीने घडविले नाही. जगभरातील असंख्य लोकांनी, त्यांत पगारी तंत्रज्ञ आले तसे हौशी विद्यार्थीही आले, एकमेकांचे काम तपासत आणि दुरुस्त करीत ते उभे केले.

हे तंत्रज्ञान मूळचे भारतीय नाही; मग त्याचा स्वदेशीशी काय संबंध, असा आक्षेप येऊ शकतो. स्वदेशी म्हणजे बाहेरच्या ज्ञानाला दार बंद करणे नव्हे. जे वापरावयाचे त्याचे मर्म आपल्याला कळलेले असावे आणि त्याचे नियंत्रण आपल्या हाती असावे, हा स्वदेशीचा गाभा आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक देण्यात अडवणूक केली, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. विदर्भातील एका खेड्यातून आलेल्या या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगातील उपलब्ध ज्ञान घेतले, ते पचविले आणि आपली गरज भागविली. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्त-स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. पण धोरण राबविणारी माणसे केवळ परिपत्रकाने तयार होत नाहीत. ती गावोगावच्या जिज्ञासेतून घडतात.

या विषयाला सध्या एक तातडीचे निमित्तही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे नियमित विनामूल्य सुरक्षा साहाय्य थांबले. शाळांतील आणि घरांतील अनेक जुने संगणक नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत. हे संगणक भंगारात काढावयाचे काय? त्यांतील बहुतेक यंत्रांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती उत्तम चालू शकते आणि त्यासाठी एक पेन ड्राइव्ह व दोन तासांचा वेळ पुरतो. यात नैतिक बाजूही आहे. महागडी आज्ञावली चोरून घालून घेण्याची सवय आपल्या समाजात इतकी रुळली आहे की ती चोरी आहे याचेही भान उरलेले नाही. ज्या मुलांवर प्रामाणिकपणाचे संस्कार व्हावेत अशी इच्छा आहे, त्यांच्या शिक्षणाचा श्रीगणेशा चोरीच्या प्रतीने करणे शोभादायक नाही. जी आज्ञावली वाटून घेण्याचीच अनुमती आहे, ती उपलब्ध असताना तर नाहीच नाही.

मात्र हे एकट्याने घरी बसून साधत नाही, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांचा गट अनेक वर्षे मासिक बैठकी घेत आला. सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत दरवर्षी भरणाऱ्या 'ग्नूनिफाय' या मेळाव्याने विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्यांना मुक्त आज्ञावलींची ओळख करून दिली. अशा बैठकींची पद्धत साधी असते. ज्याला अडले त्याने आपला संगणक घेऊन यावयाचे, ज्याला येते त्याने शेजारी बसून दाखवावयाचे. शुल्क नाही, परीक्षा नाही, व्यासपीठ नाही. आयर्लंडमधील कॉर्क येथे २०११ मध्ये मुलांसाठी सुरू झालेली 'कोडरडोजो' ही चळवळ याच पद्धतीने जगभर पसरली. २००५ मध्ये इटलीत जन्मलेला आर्डुइनो आणि २०१२ मध्ये इंग्लंडमधून आलेला तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक यांनी या भेटींना आणखी एक अंग दिले. आज्ञावली लिहिली की समोरचा दिवा लागतो, चाक फिरते, तापमान मोजले जाते. मुलाच्या डोळ्यांत त्या क्षणी जे चमकते, ते पाठांतराने येत नाही.

आपल्या महाराष्ट्राला तर याचा वारसा आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी उद्योगातील संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावयाचे आणि ते काम गावाच्या उपयोगाचे असावयाचे, ही त्यांची पद्धत. शाळेत न रमलेल्या मुलांनी तेथे जोडकाम, वीज, शेती आणि इलेक्ट्रॉनिक्स आत्मसात केले. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेने 'फॅब लॅब'ची कल्पना बाहेर नेण्याचे ठरविले, तेव्हा २००२ मध्ये तिच्या आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक उभी राहिली ती एखाद्या महानगरात नव्हे, तर पाबळमध्ये.

हौशी तंत्रज्ञान हा रिकामपणाचा उद्योग नव्हे, याची साक्ष मराठवाड्याने स्वतः अनुभवली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबाद परिसरात हजारो जीव घेतले. मदतकार्यात ठिकठिकाणचे स्वयंसेवक धावून गेले, तसेच हॅम रेडिओ चालविणारे हौशी कार्यकर्तेही गेले आणि त्यांनी संदेशवहनाचे काम केले. एरवी घरातल्या कोपऱ्यात तारा जोडत बसणारा माणूस संकटसमयी समाजाचा कान आणि वाचा होतो, तो असा. आपत्तीची तयारी आपत्तीच्या दिवशी करता येत नाही. शांततेच्या काळात जोपासलेला छंदच तेव्हा उपयोगी पडतो.

केरळने शालेय संगणक शिक्षण मुक्त आज्ञावलींवर आणून आता बराच काळ लोटला. तेथील शाळांत २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाची विद्यार्थी मंडळेही काम करीत आहेत. तेथील राज्यकर्त्यांच्या विचारसरणीशी असलेले मतभेद बाजूला ठेवून हे चांगले काम चांगले म्हणावयास हवे. केंद्रीय पातळीवर अटल नवोन्मेष अभियानातून दहा हजारांहून अधिक शाळांत टिंकरिंग लॅब झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. आता प्रश्न निधीपेक्षा वापराचा आहे. शाळा सुटल्यावर त्या खोलीचे दार उघडे राहते काय? गावातील निवृत्त तंत्रज्ञाला तेथे सन्मानाने बोलावले जाते काय? उपकरण बिघडेल म्हणून ते कपाटात ठेवण्यापेक्षा ते मुलांच्या हातून बिघडून पुन्हा मुलांच्याच हातून दुरुस्त होणे, हे शिक्षण आहे.

नांदेड आणि लातूर ही नावे आज परीक्षांच्या तयारीसाठी राज्यभर घेतली जातात. 'लातूर पॅटर्न'ने सामान्य घरांतील असंख्य मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाचे दार उघडून दिले, हे मोठेच काम आहे. पण त्या दारातून आत न गेलेल्यांचे काय? आणि जे आत गेले, त्यांपैकी किती जणांनी बारावीपर्यंत एकदा तरी एखादे यंत्र स्वतः उघडून पाहिले? गुणांच्या धावपळीत महिन्यातील एक रविवार मुलाने तारांशी खेळण्यात घालविला, तर पालकांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. प्रश्न सोडविण्याची सवय लागलेल्या मुलाला तो रविवार पुढे आयुष्यभर पुरतो, हे पालकांना पटवून देणे हेच कार्यकर्त्यांचे खरे काम आहे.

कंधारसारख्या गावी अशा भेटी सुरू करावयास काय लागेल? शाळेची किंवा वाचनालयाची एक खोली, टाकून दिलेले चार-सहा संगणक, एक सोल्डरिंग गन, एक मल्टीमीटर आणि महिन्यातील एक ठरलेला दिवस. शिकविणार कोण, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. प्रत्येक तालुक्यात दूरध्वनी खात्यातून वा वीज मंडळातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ आहेत, सैन्यातून परतलेले जवान आहेत, आयटीआयचे निदेशक आहेत, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करीत आयुष्य घालविलेले कारागीर आहेत. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून श्री गुरु गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. तेथील विद्यार्थी सुट्टीत आपापल्या गावी येतातच. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने लिनक्स आणि तत्सम विषयांचे छोटे पाठ मराठीतही उपलब्ध केले आहेत. म्हणजे भाषेची सबबही उरलेली नाही. सातवीतील मुलगी, तिची आजी आणि दुकान सांभाळणारा तिचा काका एकाच बाकावर बसून शिकत आहेत, हे दृश्य आपल्या कुटुंबपद्धतीला परके नाही. मुलींना आणि गृहिणींना सोयीची वेळ आधी ठरवावी, बाकीच्यांनी ती सांभाळावी.

विषयही दूर शोधावयास नकोत. रात्री तीन फेजची वीज येते म्हणून शेतकरी काळोखात विंचू-सापाच्या वाटेने मोटार चालू करावयास जातो. फोनवरून मोटार चालू-बंद करणारा संच बाजारात मिळतो. पण तो कसा चालतो हे समजून घेणे, बिघडल्यास दुरुस्त करणे आणि विहिरीतले पाणी संपताच मोटार आपोआप थांबविणे, हा शेतकऱ्याच्या मुलासाठी कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून जिवंत धडा आहे. अर्थात तीन फेजच्या विजेशी खेळ नको. मुलांचे प्रयोग लहान बॅटरीवर व्हावेत आणि प्रत्यक्ष जोडणी जाणत्या वायरमनच्या हातूनच व्हावी.

अडचणी येतील. पहिल्या भेटीला पंधरा जण येतील, तिसरीला चार. अशा वेळी त्या चौघांसाठी खोली उघडणारा एक माणूस टिकून राहिला, तर उपक्रम टिकतो. नित्य ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जमण्याचे महत्त्व कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही.

राष्ट्रकूटांच्या काळी कंधार हे वैभवाचे नगर होते. जगत्तुंग सागर हे त्या पुरुषार्थाचे स्मरण आहे आणि खंदकाने वेढलेला भुईकोट आजही उभा आहे. किल्ला बांधणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती: तटबंदी कितीही भक्कम असली, तरी दरवाजाची किल्ली परक्याच्या हाती असेल तर तटाला अर्थ राहत नाही. आजचे दरवाजे लोखंडाचे नाहीत, आज्ञावलींचे आहेत. त्यांच्या किल्ल्या घडविण्याचे काम दिल्ली-बंगळुरूत होईलच. पण कंधारच्या एखाद्या शाळेच्या खोलीत, जुन्या संगणकाभोवती जमलेल्या पाच-सात जणांतही ते होऊ शकते. येत्या सुट्टीत ती खोली कोण उघडतो, एवढेच आता पाहावयाचे आहे.