ज्येष्ठांच्या घरांचे नियम उंबरठ्यापर्यंतच

ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना महाराष्ट्रात किमान बांधकाम निकष लागू झाले ते २०२४ मध्ये. राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवल्या, मग आदेश काढला. तोवर ‘निवृत्तांसाठी खास’ असे जाहिरातीत छापायला कसलीही अट नव्हती. बागेत चार बाके आणि तळमजल्यावर एक सभागृह एवढ्या भांडवलावर तो दावा खपत असे. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तिगृहांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वे तयार केली होती, परंतु ती स्वीकारणे राज्यांच्या मर्जीवर होते. महारेराने हे निकष विक्री करारात नमूद करणे विकासकावर बंधनकारक केले. आश्वासन करारात आले की ते न पाळल्याबद्दल दाद मागता येते. या आदेशाचे महत्त्व त्यात आहे.

गरज नवी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील नागरिक सुमारे १०.४ कोटी होते आणि महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण जवळपास दहा टक्के होते. अधिकृत लोकसंख्या अंदाजानुसार २०३६ पर्यंत देशात ते पंधरा टक्क्यांच्या आसपास जाईल. मुले परगावी किंवा परदेशी, हाताशी निवृत्तिवेतन किंवा आयुष्यभराची बचत आणि चार मजले चढणे अशक्य झालेले गुडघे, अशा मध्यमवर्गातून ज्येष्ठ निवासाची बाजारपेठ उभी राहिली. पुणे तिचे प्रमुख केंद्र ठरले.

निकष वरवर किरकोळ वाटतात. त्यांमागची कारणे तशी नाहीत. दाराची रुंदी किमान ९०० मिलिमीटर आणि उंबरठा नाही, कारण त्यातून चाकाची खुर्ची न अडता जायची असते. जिन्याच्या एका टप्प्यात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत, कारण दम लागण्याआधी थांबायला सपाट जागा मिळायला हवी. न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि धरायला कठडे हवेत. कठडा माणसाचे पूर्ण वजन पेलेल अशी भिंत आधीच बांधावी लागते. पोकळ विटांच्या भिंतीत मागाहून ठोकलेला कठडा नेमका गरजेच्या क्षणी निखळतो. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेला माणूसच आत उघडणारे दार अडवून ठेवतो. रॅम्पचा उतार एकास बारा ठेवायचा तर साठ सेंटिमीटर उंचीच्या जोत्याला ७.२ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. इमारत उभी राहिल्यावर सामासिक अंतरात तो बसवता येत नाही. नकाशातच त्याची जागा राखावी लागते. यातले बहुतेक सगळे आराखड्याच्या टप्प्यावर स्वस्त आणि नंतर महाग किंवा अशक्य असते.

परंतु हे नियम इमारतीच्या आतले आहेत. इमारत कोठे असावी, हे जमिनीच्या भावाने ठरते. स्वस्त जमीन शहराबाहेर मिळते, म्हणून प्रकल्प डोंगराच्या पायथ्याशी किंवा महामार्गापलीकडे जातात आणि ‘निसर्गरम्य परिसर’ हे त्यांचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते. हृदयविकाराचा झटका आल्यावर रुग्णालय किती मिनिटांवर आहे, बस थांबते का, औषधाच्या दुकानापर्यंत पदपथ आहे का, हे प्रश्न नकाशा मंजूर करताना निर्णायक ठरत नाहीत. सिंगापूरच्या गृहनिर्माण मंडळाचा ‘कॅम्पुंग ॲडमिरल्टी’ हा प्रकल्प याच्या नेमका उलट आहे. रेल्वे स्थानकाशेजारी, एकाच संकुलात ज्येष्ठांच्या सदनिका, वैद्यकीय केंद्र, खाद्यगृहे आणि बालसंगोपन केंद्र तेथे एकत्र आहेत. तेथे ज्येष्ठ वस्तीच्या मध्यभागी राहतात.

महाराष्ट्रात मुंबईसाठी विकास नियंत्रण नियमावली २०३४ आणि उर्वरित बहुतांश शहरांसाठी २०२० ची एकत्रीकृत नियमावली आहे. ज्येष्ठ निवासाच्या स्थानाचे निकष तेथे यायला हवेत. रुग्णालय आणि सार्वजनिक वाहतूक यांपासूनचे कमाल अंतर, मोटारींच्या वाहनतळाची कमी अट, पण रुग्णवाहिकेला दारापर्यंत येण्याची सक्ती, आणि आगीत लिफ्ट बंद पडते हे लक्षात घेऊन उंचीवर मर्यादा, एवढ्या गोष्टी नियमात बसवणे अवघड नाही. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांच्या घरांचा विचार झाला आहे. वाढीव चटईक्षेत्र किंवा शुल्कसवलत द्यायचीच असेल, तर ती स्थानाच्या अटीशी जोडूनच द्यावी. अन्यथा सवलत शेतजमिनीचा भाव वाढवील आणि ज्येष्ठ शहरापासून आणखी दूर जातील.

दुसरी पोकळी ताबा मिळाल्यानंतरची. ज्येष्ठ निवासात ग्राहक भिंतींइतकेच जेवण, परिचारिका आणि देखभाल यांचे पैसे मोजतो. विकासक सोसायटीच्या हाती कारभार सोपवून निघून गेला की या सेवांचा दर्जा कोणी तपासायचा, हे स्पष्ट नाही. २०१९ च्या तत्त्वांमध्ये ग्राहक, विकासक आणि सेवापुरवठादार यांच्यातील त्रिपक्षीय करार सुचवलेला आहे. तो सक्तीचा व्हायला हवा. सदनिका वारसाहक्काने साठीच्या आतल्या मुलाकडे गेली, तर तेथे कोण राहू शकेल, हेही सोसायटीच्या उपविधीत पहिल्या दिवसापासून लिहिलेले असावे.

तिसरा प्रश्न ज्यांना हे परवडत नाही त्यांचा. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधारांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, पण ती शासनावर बंधनकारक नाही. निराधार आणि सधन यांच्यामधला मोठा वर्ग लिफ्ट नसलेल्या जुन्या सोसायट्यांतच म्हातारा होतो आहे. त्याच्यासाठी वेगळी वसाहत उभी राहणार नाही. मात्र पुनर्विकासाला जाणाऱ्या प्रत्येक इमारतीला रुंद दार, सपाट प्रवेश आणि स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट सक्तीची करता येते.

महारेराने घराच्या आतले काम सुरू केले आहे. स्थान, सेवा आणि जुन्या इमारती या तिन्ही बाबी महारेराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. त्या नगरविकास, सहकार आणि सामाजिक न्याय या खात्यांच्या कक्षेत येतात. राज्य सरकारने या तिन्ही खात्यांना एकत्र बसवून नियमावलीत दुरुस्ती करावी आणि तिला मुदत घालून द्यावी.