गुलाबाला नाव, गव्हाला नंबर

परवा एका कार्यक्रमात माझ्या तोंडून थोडे अप्रिय बोलले गेले. "आता या वयात कशाला वाईटपणा घेता?" असे घरूनही ऐकून झाले. पण तिथे दोन मिनिटांत जे नीट सांगता आले नाही, ते इथे सविस्तर लिहितो. पटते का बघा.

झाले असे. आमच्या तालुक्याच्या गावी एका बागेत गुलाबाचे नवे वाफे तयार झाले. शाळेत असताना मी पस्तीसेक गुलाब जोपासले होते, हे आयोजकांपैकी माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांना आठवत होते, म्हणून मलाही बोलावणे आले. नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि जाहीर झाले की मधल्या वाफ्यातल्या गुलाबाला आजपासून आपल्या लाडक्या नेत्याचे नाव देण्यात येत आहे. टाळ्या! काळ्या ग्रॅनाइटची पाटी तयारच होती.

मी पुढे होऊन झाडाकडे पाहिले. बुंध्याशी तारेने बांधलेली रोपवाटिकेची चिठ्ठी अजून तशीच होती. तिच्यावर लिहिले होते, 'ग्लॅडिएटर'. ही जात अमेरिकेत १९५५ साली आली. आपल्याकडे फुलवाल्यांच्या दुकानात वर्षानुवर्षे तिचीच लांब दांड्याची फुले विकली गेली. म्हणजे ज्या झाडाचे बारसे होऊन जमाना लोटला, त्याचे आम्ही वाजतगाजत पुन्हा बारसे करत होतो.

बाजूला उभ्या असलेल्या माळ्याला म्हटले, "अरे, याला नाव आहे की आधीचं!"

तो म्हणाला, "नावाचं काय करता गुरुजी? लाल हाय ना थे, बस झालं."

मला वाईट वाटले ते माळ्याच्या बोलण्याचे नव्हे. तो बिचारा खरे तेच बोलला. वाईट याचे वाटले की व्यासपीठावरची शिकलीसवरलेली मंडळीही मनातून हेच म्हणत होती. लाल आहे ना, मग चिकटवा हवे ते नाव!

यावर कुणीतरी शेक्सपिअरच्या ज्युलिएटचा दाखला देणार, हे मला ठाऊक आहे. नाव बदलले तरी वास तोच राहतो, वगैरे. सोळा वर्षांच्या प्रेमात पडलेल्या मुलीनेही असे म्हणू नये, पण तिला माफ आहे, आणि नाटककाराने तर तिला सोळाही पुरी होऊ दिली नव्हती. आपण मोठी माणसे आहोत. नावाने वास बदलत नाही हे कबूल. पण कुणाचे उपकार कुणाच्या खात्यावर जमा होतात, ते नावानेच ठरते.

गुलाबाची नवी जात अशी होते. एका फुलाचे पराग दुसऱ्यावर टाकायचे, फळ धरले की बी काढायचे, शेकडो रोपे वाढवायची, आणि त्यातली बहुतेक सगळी उपटून फेकायची. उरलेल्या एखाददुसऱ्या रोपाचे डोळे भरून, कलमे करून, काही वर्षे पारख करायची. तोवर त्या रोपाला फक्त क्रमांक असतो. शेवटी बाजारात नेताना नाव देण्याचा मान ते वाढवणाऱ्याचा. जगभरच्या गुलाबांच्या नावांची नोंद १९५५ पासून अमेरिकन रोज सोसायटीकडे होते. एका नावाच्या दोन जाती नकोत आणि एकाच जातीची मनमानी दहा नावे नकोत, यासाठी.

मग हा मान कुणाच्या वाट्याला गेला? यादी काढून बघा. राण्या, सेनापती, राष्ट्राध्यक्ष, कपडे शिवणारे श्रीमंत. १९५४ चा 'क्वीन एलिझाबेथ'. १९५८ चा 'ख्रिश्चन डिऑर'. १९६४ चा गर्द लाल, घमघमणारा 'मिस्टर लिंकन'. आणि आजच्या कितीतरी लाल गुलाबांचा पूर्वज असलेला 'जनरल जॅकमिनो'. हा जनरल नेपोलियनच्या फौजेतला. १८५३ साली हा गुलाब बाजारात आणला मात्र रूसले नावाच्या एका माळ्याने. सेनापतीचे नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ गुलाबाच्या पुस्तकांत फुलते आहे. माळ्याचे नाव मलाही म्हातारपणी वाचून कळले.

इथे माझीही एक चूक कबूल करून टाकतो. शाळेत मी इतिहास आणि मराठी शिकवायचो. गुलाबांच्या वाफ्यात प्रत्येक झाडापाशी पत्र्याची पाटी लावली होती आणि मधल्या सुटीत मुलांना एकेका नावामागची गोष्ट सांगायचो. लिंकनच्या झाडापाशी उभे राहून सांगितलेली गुलामांच्या मुक्तीची गोष्ट वर्गातल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहते, हा माझा अनुभव आहे. हारासाठी आणि गुलकंदासाठी वापरतात तो 'एडवर्ड' गुलाबही आमच्याकडे होता. त्याच्यापाशी मी ठोकून द्यायचो की हे बादशहा सातव्या एडवर्डचे नाव! कितीतरी वर्षे, न तपासता. पुढे वाचनात आले की हा गुलाब हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावरचा, आणि नाव एदुआर पेरिशों नावाच्या तिथल्या एका जमीनमालकाचे. सातवा एडवर्ड जन्मला १८४१ साली. हा गुलाब त्याच्याही आधीचा! 'एडवर्ड' म्हटल्याबरोबर मला बादशहाच दिसला. नाव कानावर पडले की आपले डोळे आधी सिंहासनाकडे वळतात, ही खोड माझ्यातही होतीच. म्हणून हे लिहिताना मी कुणापेक्षा वेगळा आहे असा आव आणत नाही.

'पीस' या गुलाबाची कथा अनेकांना माहीत असेल. फ्रान्समधल्या फ्रान्सिस मेयाँने तो वाढवला. पारखीच्या काळात त्याचा क्रमांक होता ३-३५-४०. महायुद्ध पेटायच्या सुमारास त्याच्या काड्या परदेशी रवाना झाल्या. मेयाँने त्याला आपल्या दिवंगत आईचे नाव दिले होते, 'मादाम ए. मेयाँ'. पण जर्मनीत तो झाला 'ग्लोरिया दाय', इटलीत 'जोया', आणि अमेरिकेत १९४५ साली युद्ध संपता संपता 'पीस'. सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांच्या प्रमुखांना त्याची फुले दिली गेली. शांततेचे नाव मिळाले, चांगलेच झाले. पण एका मुलाने आपल्या आईच्या आठवणीत दिलेले नाव जगाच्या बाजारात मागे पडले, हेही त्याच वाक्यात सांगायला हवे.

आता आपल्या घरात येऊ. डॉ. बी. पी. पाल हे नाव शेतीशी संबंध असलेल्या प्रत्येकाला माहीत असावे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे ते पहिले महासंचालक, आणि गुलाबाचे वेडे. १९६६ च्या जानेवारीत डॉ. होमी भाभा आल्प्समधल्या विमान अपघातात गेले. १९६८ साली पालांनी आपल्या एका पांढऱ्या गुलाबाला 'डॉ. होमी भाभा' हे नाव दिले. एका कामसू शास्त्रज्ञाने दुसऱ्याला वाहिलेली ही श्रद्धांजली. याला मी नाव देणे म्हणतो! तसेच अलीकडे कोडाईकनालच्या वीरराघवन दांपत्याने आपल्या एका गुलाबाला 'ई. के. जानकी अम्माल' हे नाव दिले. या बाईंनी कोइमतूरला उसाच्या संकरावर काम केले. त्यांचे नाव आपल्या किती पाठ्यपुस्तकांत आहे?

पण याच पालांची दुसरी बाजू पाहा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबेऱ्याच्या तिन्ही प्रकारांना तोंड देणारा गहू तयार केला. या गव्हाने किती घरांत भाकरीच्या जागी पोळी आणली असेल! त्याचे नाव काय? एन. पी. ८०९. बस्स. दोन अक्षरे आणि एक आकडा. ज्या हाताने फुलाला भाभांचे नाव दिले, त्याच हाताने गव्हाला नंबर दिला. हा पालांचा दोष नाही, ती रीतच होती. शोभेच्या वस्तूला माणसाचे नाव, पोटाच्या वस्तूला नंबर.

"संशोधनात नंबर लागतोच," असे कृषी खात्यातून निवृत्त झालेले माझे एक स्नेही म्हणतात. लागतो, मान्य आहे. हजार रोपांची नोंद नावांनी ठेवता येत नाही. पण ३-३५-४० चा 'पीस' होऊ शकतो, तर गव्हाचे का नाही? पंजाबच्या डॉ. दिलबागसिंग अटवालांनी आपल्या गावाची आठवण गव्हाच्या नावात ठेवली, आणि 'कल्याण सोना' देशभर पोहोचला. शेतकऱ्यांच्या तोंडी तो सहज बसला. आमच्या वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांना विचारा. १९७२ च्या सुमाराची 'वरलक्ष्मी' कपाशी सून घरात आल्यासारखी आठवते त्यांना. नंतरच्या नंबरांची नुसती जंत्री उरते.

आणि आता मुख्य गोष्ट. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे एक लहान गाव आहे. तिथे दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली त्यांच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. पाच-सहा वर्षांच्या चिकाटीनंतर बारीक दाण्याचा, चवीचा नवा वाण हाती आला. बाजारात नेला तेव्हा नाव नव्हते. त्या काळात एच.एम.टी.च्या घड्याळांची चलती होती, व्यापाऱ्याने तेच नाव दिले. एच.एम.टी. तांदूळ! १९९४ साली आपल्या अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाने ते बियाणे घेतले, शुद्ध केले, आणि १९९८ साली 'पीकेव्ही एच.एम.टी.' या नावाने प्रसारित केले. नावात विद्यापीठ आले, घड्याळाची कंपनी आली. दादाजी आले नाहीत.

यातली खोच आणखी पुढे आहे. ज्या धानात दादाजींना त्या लोंब्या सापडल्या, तो वाण होता 'पटेल-३'. जबलपूरच्या डॉ. पटेल यांनी काढलेला, म्हणून 'पटेल'. शास्त्रज्ञाचे आडनाव वाणाला लागू शकते, तिसरी शिकलेल्याचे नाही? पुढे दादाजींनी आणखी वाण काढले, तेव्हा ते शहाणे झाले होते. एकाला त्यांनी स्वतःची आद्याक्षरे दिली, 'डीआरके'. २००५ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, २०१० साली 'फोर्ब्ज'ने दखल घेतली, आणि २०१८ च्या जूनमध्ये ते हलाखीतच गेले. एच.एम.टी.च्या घड्याळांची चलतीही संपली. तांदूळ मात्र आपण अजून त्याच नावाने किराणा दुकानात मागतो.

आता २००१ चा कायदा शेतकऱ्याला स्वतः जपलेल्या वाणाची नोंद स्वतःच्या नावे करण्याचा हक्क देतो. नुसत्या आकड्यांचे नाव त्या कायद्यालाही चालत नाही. म्हणजे कायद्याला जे कळले, ते आपल्या उद्घाटन समित्यांना कळायचे बाकी आहे.

हे सगळे मी त्या दिवशी बोललो नाही. एवढेच म्हणालो, "हे झाड दुसऱ्या कुणीतरी घडवलेले आहे, त्याचे नाव पुसू नका. नेत्यांचे नाव बागेला द्या, रस्त्याला द्या, माझी हरकत नाही." यावर एक कार्यकर्ते उठून म्हणाले, "मग जिजाऊंचे नाव देऊ, त्याला तर गुरुजींची ना नाही?" सभा पुन्हा टाळ्यांनी दणाणली. हे जास्त अवघड होते. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात, आणि १२ जानेवारीला तिथे जाऊन डोके न टेकवणारा मी नाही. पण मी म्हटले, "नाही. जिजाऊंनी उजाड पुण्यात सोन्याचा नांगर धरवला असे आपण सांगतो. त्यांच्या नावाने विकत आणलेले झाड लावायचे नसते, जमीन कसायची असते. याच जिल्ह्यातल्या कुणा बाईने नवी जात स्वतः घडवली आणि तिला जिजाऊंचे नाव दिले, तर पहिला हार माझा." टाळ्या पडल्या नाहीत.

पाटी लागली. नेत्यांचीच. मी निघताना ती तारेची चिठ्ठी फांदीवर जरा वर, दिसेल अशी बांधून आलो. पंधरा दिवसांनी फिरायला गेलो तर चिठ्ठी नव्हती.

माझे म्हणणे थोडक्यात इतकेच आहे. दुसऱ्याने घडवलेल्या झाडाचे नाव बदलू नये. ज्याने घडवले त्याचे नाव पाटीवर खाली लहान अक्षरांत का होईना, लिहावे. आणि नवे नाव द्यायची वेळ आलीच, तर आधी ज्यांच्या नखांत माती आहे त्यांच्याकडे बघावे. सिंहासनावरच्यांसाठी चौक आहेत, पूल आहेत, योजना आहेत. एखादे फूल, एखादा दाणा माळ्याच्या आणि शेतकऱ्याच्या नावे राहू द्या.

तुमच्या गच्चीतल्या कुंडीला अशी चिठ्ठी बांधलेली असेल तर काढून टाकू नका. उन्हाने अक्षरे उडतात, म्हणून वहीत उतरवून ठेवा. आणि आज रात्री ताटात एच.एम.टी.चा भात असेल, तर घरातल्या मुलांना एकदा दादाजी खोब्रागडे हे नाव सांगा. घड्याळाचे नाव त्यांना सांगायची गरज नाही.