डबा कुठला घेऊ?

आयटीत नोकरी करणाऱ्या माणसाला सगेसोयरे जे प्रश्न विचारतात त्यांची एक ठरलेली यादी असते. मोबाईल कुठला घेऊ, लॅपटॉप स्लो का झालाय, पोराला कॉम्प्युटरला घालू की मेकॅनिकलला, वगैरे वगैरे. अलीकडे इचलकरंजीला गेलो की या यादीत एक नवा प्रश्न ऐकू येतो. "ते नॅस का काय म्हणतात, ते कुठलं घ्यावं?" विचारणारा कधी सुताचा व्यापारी असतो, कधी कर सल्लागार, कधी लग्नाचे फोटो काढणारा स्टुडिओवाला, तर कधी गारमेंटचं छोटं युनिट चालवणारा जुना वर्गमित्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नॅस म्हणजे नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. एक छोटा डबा, आत दोन किंवा चार हार्ड डिस्क. राउटरला केबलने जोडायचा, की ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्यातल्या फाइली वापरू शकतात. पेन ड्राइव्ह घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर पळापळ बंद.

माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. कंपनी आणि मॉडेल हा सगळ्यात शेवटचा प्रश्न आहे. त्याच्याआधी तीन प्रश्न आहेत. काय गेलं तर धंदा अडेल? ते कशाकशाने जाऊ शकतं? आणि डब्याकडे बघणार कोण? या तिन्हींची उत्तरं असतील तर कुठलाही बरा डबा चालतो. नसतील तर बाजारातला सगळ्यात महाग डबासुद्धा शोभेची वस्तू!

खरं म्हणजे आपल्या गावाला साठवणीचं शास्त्र नवीन नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे गावाचं 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' झालं. त्याच्याही शंभर वर्षं आधी फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने मागावर भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं चढवली होती. भोक आहे की नाही यावरून कुठला धागा उचलायचा ते ठरायचं, म्हणजे कापडाचं अख्खं डिझाइन त्या कार्डांच्या माळेत साठवलेलं. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने भोकांच्या कार्डांवरच माणसं मोजली आणि तिथून धागा पुढे कॉम्प्युटरपर्यंत आला. पुठ्ठ्याला ओल लागली की डिझाइन गेलं, हे जॅकार्डवाल्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. फाइल डोळ्यांना दिसत नाही म्हणून तिचं असं होईल हे मात्र आपल्याला पटत नाही.

आता पहिला प्रश्न, काय गेलं तर अडेल? माझ्या मते एक कागद घेऊन तीन रकाने करावेत. पहिल्यात जे पुन्हा बनवता येत नाही ते: डिझाइनच्या फाइली, गिऱ्हाइकाच्या लग्नाचे फोटो, कुणाकडून किती येणं आहे तो हिशोब. दुसऱ्यात जे कायद्याने ठेवावं लागतं ते. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि त्याच्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशोबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. म्हणजे २०२४-२५ चे हिशोब, मुदत ३१ डिसेंबर २०२५ धरली, तर २०३१ च्या डिसेंबरअखेरपर्यंत. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर कंपनी कायद्याप्रमाणे ८ वर्षं. आणि तिसऱ्या रकान्यात बाकी सगळा पसारा: डाउनलोड केलेले सिनेमे, जुने सेटअप, व्हॉट्सअॅपवर आलेली गुड मॉर्निंगची फुलं :)

गंमत अशी की हा कागद केल्यावर बहुतेक व्यापारी ऑफिसांत पहिले दोन रकाने मिळून शंभर-दोनशे जीबीच्या पुढे जात नाहीत. सोळा टीबीचा डबा घ्यायला निघालेला माणूस इथेच थोडा शांत होतो. स्टुडिओवाल्याचं गणित अर्थातच वेगळं. त्याला टीबीतच मोजावं लागतं.

दुसरा प्रश्न, ते कशाने जाईल? इथे दुकानदार 'रेड' हा शब्द हमखास फेकतो. रेड ही कल्पना १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. मोठी महागडी डिस्क घेण्याऐवजी छोट्या स्वस्त डिस्कांचा संच वापरा, एखादी गेली तरी काम चालू राहील. दोन डिस्कच्या डब्यात आपण जे वापरतो ते रेड १, म्हणजे एकीवर लिहिलेलं जसंच्या तसं दुसरीवर. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या हजारो डिस्कांचे आकडे प्रसिद्ध करते, त्यात वर्षाला साधारण शंभरातल्या एक-दोन डिस्क जातात. म्हणजे डिस्क जाणं ही काही आकाशातून पडलेली आपत्ती नाही, आज ना उद्या होणारी गोष्ट आहे. रेड तिच्यावरचा चांगला उपाय आहे.

पण फक्त तिच्यावरचाच! दिवाणजींनी चुकून फोल्डर डिलीट केलं, तर ते दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी डिलीट होतं. व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे होतात. चोराने डबा उचलला तर तो एक डिस्क मागे ठेवून जात नाही. आणि पाणी आलं तर?

पाण्याचं आपल्याला वेगळं सांगायला नको. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये नदी ५० फुटांच्या वर गेली. २००५ चा पूर तर घरातले मोठे अजून सांगतात. नदीकाठच्या भागात तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या डब्याचं अशा वेळी काय होणार? आणि हे फक्त आपल्याच गावाचं दुखणं आहे असंही नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या बड्या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. दुसरीकडे प्रत न ठेवलेल्या गिऱ्हाइकांचा डेटा कायमचा गेला. एवढ्या मोठ्या जागी हे होतं, तर आपलं शटरचं ऑफिस किस झाड की पत्ती.

म्हणून जुना नियम ३-२-१. पीटर क्रोघ या अमेरिकन फोटोग्राफरने तो लोकप्रिय केला. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. डब्यातल्या दोन डिस्क या हिशोबात एकच प्रत धरायच्या. हे पटवणं सगळ्यात अवघड जातं. आमच्या मामांची सुताची पेढी आहे, त्यांच्याशी झालेला संवाद देतो.

"दोन डिस्क हाईत म्हणतोस न्हवं? मग ही तिसरी कशाला?"

"मामा, गोदामाला दोन कुलपं लावली म्हणून पाणी आत यायचं थांबतंय का?"

"त्यासाठी विमा काढतोय की रं आपण."

"मालाचा काढता. उधारीच्या खात्याचा कुठं काढता?"

मामा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "किती लागतील बोल."

यंत्रमागाच्या धंद्यात उधारी काय चीज आहे हे त्या गप्प बसण्यातून कळावं. सूत गेलं तर विमा आहे, नवं सूत मिळतं. कोण किती देणं लागतो हे गेलं तर देणारे सगळेच स्वतःहून येऊन सांगतील अशी आशा कुणी करू नये.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो कुठल्याच जाहिरातीत नसतो. डब्याकडे बघणार कोण? नॅस म्हणजे मिक्सर नव्हे. तो लिनक्सवर चालणारा एक छोटा सर्व्हर आहे. त्याला अपडेट लागतात, तो ईमेलवर इशारे देतो आणि ते कुणीतरी वाचावे लागतात. आपल्याकडे बहुतेक वेळा होतं असं की पुण्या-बंगळुरातला पोरगा दिवाळीला येतो, उत्साहाने डबा लावून देतो आणि भाऊबीज झाली की परत जातो. अॅडमिन पासवर्ड त्याच्या डोक्यात, इशारे त्याच्या कधीही न उघडलेल्या मेलबॉक्समध्ये. सहा महिन्यांनी एक डिस्क जाते, डबा बीप बीप करतो, आवाजाचा त्रास होतो म्हणून कुणीतरी तो म्यूट करतो. दुसरी डिस्क गेली की पोराला फोन!

असा बेवारस डबा इंटरनेटवर उघडा असेल तर आणखी वाईट. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सायनोलॉकरने सिनॉलॉजीच्या जुन्या सॉफ्टवेअरवरचे डबे पकडले. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकरने आणि जानेवारी २०२२ पासून डेडबोल्टने क्यूनॅपच्या डब्यांतल्या फाइली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. जून २०२१ मध्ये तर वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्क जगभरात लांबून पुसल्या गेल्या. त्यांना २०१५ नंतर अपडेट मिळालेलंच नव्हतं. थोडक्यात काय, तर घरून फाइल बघायची सोय म्हणून राउटरमधलं पोर्ट उघडून ठेवू नका. बाहेरून लागतच असेल तर व्हीपीएन वापरा.

एवढं झाल्यावर आता डबा :) माझे निकष सांगतो.

तीन-चार कॉम्प्युटरच्या ऑफिसला दोन डिस्कचा डबा पुरतो. घेताना तीन गोष्टी विचारा. एक, स्नॅपशॉट मिळतो का? म्हणजे कालची, परवाची फाइल जशी होती तशी परत आणता येते का? व्हायरस आणि दिवाणजी, दोन्हींवर हाच उतारा. अगदी स्वस्त मॉडेलांत तो बऱ्याचदा नसतो. दोन, या मॉडेलला अपडेट किती वर्षं मिळणार? तीन, कुठल्या डिस्क चालतात? २०२५ च्या एप्रिलमध्ये सिनॉलॉजीने नव्या प्लस मॉडेलांसाठी फक्त आपल्या किंवा आपण मान्य केलेल्या डिस्कांचं धोरण आणलं, लोकांनी बोंब मारली, आणि ऑक्टोबरमध्ये ते मागे घेतलं. तेव्हा पैसे देण्याआधी यादी बघितलेली बरी. शिवाय दुकानात सांगतात ती किंमत बहुतेक वेळा डिस्कशिवायची असते.

डिस्क नॅससाठीची घ्या आणि 'सीएमआर' आहे का ते विचारा. दुसऱ्या, 'एसएमआर' प्रकारात माहितीच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, त्यामुळे गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरताना ती फार रेंगाळते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या नॅससाठीच्याच काही रेड डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि मग सीएमआरवाल्यांना रेड प्लस असं वेगळं नाव मिळालं.

स्विच आणि केबल गिगाबिटच्या हव्यात. गिगाबिटवर सेकंदाला साधारण ११० एमबी जातात, म्हणजे ४ टीबी हलवायला दहा तास. मध्ये जुना १०० एमबीपीएसचा स्विच असेल तर त्याच कामाला जवळजवळ चार दिवस! आणि यूपीएस. डबा यूएसबी केबलने यूपीएसला जोडता येतो, लाइट गेली आणि बॅटरी संपत आली की तो स्वतःहून नीट बंद होतो. इचलकरंजीत याचं महत्त्व पटवून द्यायची गरज नसावी.

तिसऱ्या प्रतीसाठी डब्याला यूएसबी डिस्क लावून दर आठवड्याला कॉपी, आणि ती डिस्क मालकाच्या घरी, वरच्या मजल्यावर. अशा दोन डिस्क आलटून पालटून ठेवल्या तर उत्तम. पहिल्या रकान्यातलं जे अगदी प्राणासारखं आहे ते कुलूपबंद करून क्लाउडवर. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १ टीबी चढायला सलग जवळजवळ एक दिवस लागतो, म्हणून तिसरा रकाना क्लाउडवर पाठवू नये.

घरासाठी विचाराल तर माझं मत जरा रुक्ष आहे. बहुतेक घरांना नॅस लागत नाही. गुगल फोटोजची फुकट अमर्याद सोय १ जून २०२१ ला संपली तेव्हा बऱ्याच जणांना डब्याचे डोहाळे लागले. पण आई-बाबांचे फोटो जपायला दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, एक आपल्याकडे आणि एक गावाकडे, आणि थोडी विकतची क्लाउड जागा एवढं पुरतं. ज्याला या गोष्टींत रस आहे त्याने हौसेने घ्यावा, जुन्या पीसीवर ट्रूनॅस टाकून खेळावं. हौसेला मोल नसतं. पण हौस आपली आणि जबाबदारी आईची, असं होऊ देऊ नका.

ऑफिसात मात्र एक माणूस नेमाच, आणि तो पुण्यातला भाचा नसावा. दिवाणजी चालतील. एका वहीत लिहून ठेवा: डबा कुठे आहे, पासवर्ड कुठल्या पाकिटात आहे, दर शनिवारी कुठली डिस्क लावायची, बीप वाजला तर कुणाला फोन करायचा. पासवर्डचं पाकीट मालकाच्या कपाटात. आणि महिन्यातून एकदा मागच्या वर्षीचं कुठलंही एक बिल बॅकअपमधून परत काढून बघायचं. दहा मिनिटांचं काम आहे. ते बिल उघडलं तर तुमच्याकडे बॅकअप आहे. नाही उघडलं तर पाऊस सुरू व्हायच्या आत कळलं, हेच पुष्कळ.