फुकट पिशवीचा हिशेब



संगमेश्वरची बाजारपेठ ज्यांनी भर पावसाळ्यात पाहिली आहे, त्यांना पुराचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. शास्त्री आणि सोनवी या नद्यांचा संगम हे गावाच्या नावाचे मूळ आहे आणि आषाढ-श्रावणात व्यापाऱ्याच्या काळजीचे कारणही तेच. नदीला आवरणे आपल्या हाती नाही. परंतु पेठेतील गटार तुंबले की शिरलेले पाणी ओसरण्यास विलंब होतो, आणि त्या गटारात आपल्याच दुकानातून गेलेली पिशवी असते. जी तेथे अडकत नाही ती शास्त्रीच्या प्रवाहाबरोबर जयगडच्या खाडीतून समुद्रास मिळते. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबईचे नाले तुंबण्यास अशाच पिशव्यांनी हातभार लावला होता.

गृहिणींनी कापडी पिशवी घेऊन बाजारात जावे, हा उपदेश आपण वर्षानुवर्षे ऐकतो. माझ्या मते तो चुकीच्या बाजूस केला जातो. ग्राहकाची सवय दुकानाच्या गल्ल्यावर घडते. पिशवी मागताच आणि विनामूल्य मिळते म्हणून ती घरून आणली जात नाही.

राज्य शासनाची बंदी २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये दंड, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपयांसह कारावासाची तरतूद. पुढे केंद्राने ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या वर्ज्य केल्या. तरीही तपासणीचे पथक आले की पिशव्या गल्ल्याखाली जातात आणि पथक वळले की वर येतात, हे आपण सर्व जाणतो. दंडाच्या भयाने सवय लागत नाही.

किमतीने मात्र लागते. आयर्लंडने मार्च २००२ मध्ये प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकारणी सुरू केली आणि पिशव्यांचा वापर सुमारे नऊ-दशांशाने घटला. तेथील लोक एका रात्रीत पर्यावरणवादी झाले नव्हते. पिशवीची किंमत बिलावर दिसू लागली, इतकेच. आपल्याकडे ती मालाच्या दरात लपलेली असते. समजा, एका दुकानातून रोज शंभर पिशव्या जातात आणि प्रत्येकीस पन्नास पैसे पडतात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी १५,००० रुपये होतात. खतावणीत या खर्चाचे स्वतंत्र खाते कोणी ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही!

मला अनामतीचा मार्ग अधिक पटतो. जाड कापडाची पिशवी वीस रुपये अनामत घेऊन द्यावी. परत आणली की रक्कम परत. सोड्याच्या बाटल्यांचा व्यवहार आपल्या पेठांतून असाच चालत असे आणि त्यात कोणास संकोच वाटत नसे. मात्र पिशवी खरोखर कापडाची हवी. बाजारात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळतात, त्यांतील बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. एक धागा काढून जाळावा. सुती धाग्याची राख होते, तो वितळत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने विशेष लक्षात घ्यावी. उरलेले अन्न पिशवीत बांधून टाकले की गाय पिशवीसकट खाते. प्लास्टिक पचत नाही. ते पोटात साठत जाते आणि शेवटी शस्त्रक्रियेवाचून उपाय राहत नाही, किंवा तोही राहत नाही. पांजरापोळीस आपण मनापासून देणगी देतो, पाणी गाळूनच पितो. ज्या पिशवीने ते जनावर पांजरापोळीत पोहोचले, ती कोणाच्या दुकानातील, हा प्रश्न जीवदयेच्या कक्षेबाहेरचा नाही.

स्वामीवात्सल्याच्या पंगतीबद्दलही थोडे. थर्माकोलची ताटे बंद झाली म्हणून चकचकीत प्लास्टिकचा थर दिलेली कागदी ताटे आली. तीही सुखासुखी कुजत नाहीत. कोकणात केळीचे पान आहे, पोफळीच्या गळलेल्या विरीपासून दाबून केलेली ताटे आहेत. विरी वाळवण्यास ऊन लागते, त्यामुळे पर्युषणात ताटे हवी असतील तर मागणी वैशाखातच नोंदवावी. भाद्रपदात धावाधाव करून ती मिळणे कठीण.