चावी परत मागता येते, कोडचे काय? रेडीतील बंद घरांपुढचा नवा प्रश्न

रेडी : गणपती पाण्यात गेले, चाकरमानी परतीच्या गाडीला लागले की रेडीच्या वाड्यांमध्ये एकेक दार बंद व्हायला लागते. काही घरे मग थेट शिमग्याला उघडतात, काही मे महिन्यात. इतकी वर्षे या बंद घरांची व्यवस्था एका वाक्यात सांगता यायची. "चावी बाजूच्या काकीकडे आसा, घेवा." बागेतल्या माणसाला पंपाची पेटी उघडायची असो, पावसात कौले फुटलेली बघायची असोत, काकी कमरेची चावी काढून द्यायच्या आणि संध्याकाळी आठवणीने परत घ्यायच्या.

आता वेंगुर्ले तालुक्याच्या या टोकाला नव्या बांधलेल्या किंवा डागडुजी केलेल्या घरांत दाराच्या आत भिंतीवर आकड्यांची एक पेटी दिसायला लागली आहे. सुरक्षा अलार्मचा पॅनेल. दार उघडले की साधारण अर्ध्या मिनिटात आकडे दाबायचे. नाही दाबले तर सायरन बोंबलतो आणि आतल्या सिमकार्डवरून मुंबईला मालकाच्या फोनवर कॉल जातो. यंत्र चांगले आहे. पण चावी एकच होती आणि ती कोणाच्या हातात आहे हे सगळ्या वाडीला ठाऊक असायचे. कोड एकदा तोंडातून बाहेर पडला की तो किती जणांकडे आहे, हे मालकालाही सांगता येत नाही.

एकच कोड, दहा माणसे

सगळीकडे साधारण असेच होते. फिटर पॅनेल बसवतो, एक कोड घालून देतो. तो मालक कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. मग काकींना सांगतो, पुतण्याला सांगतो. चतुर्थीच्या आधी घर झाडायला येणाऱ्या बाईला, रंगाऱ्याला, नळवाल्याला, काजूच्या हंगामात बी ठेवायला येणाऱ्या माणसाला तोच कोड जातो. दोन वर्षांत दहा-बारा माणसांना एकच आकडा पाठ होतो. ग्रुपमधला मेसेज तर कोणाच्याही फोनवर तसाच पडून असतो.

यात नुकसान कोणाचे, असा प्रश्न विचारला तर पहिले उत्तर मालकाचे येते. पण गावाच्या दृष्टीने खरा धोका काकींना आहे. समजा उद्या घरातली समई, तांब्याची भांडी किंवा पंपाची मोटर गेली. दार फोडलेले नाही, सायरन वाजलेला नाही. म्हणजे कोड माहीत असलेल्यापैकीच कोणीतरी. मग बोट जाते ते जवळच्या माणसाकडे. जिने वीस वर्षे विश्वासाने चावी सांभाळली, तिच्यावरच संशय. पोलीस आले आणि गेले, तरी वाडीत बोलणे बंद होते ते पुढच्या पिढीपर्यंत.

म्हणून प्रत्येकाला वेगळा कोड देणे याला अविश्वास समजण्याचे कारण नाही. बहुतेक पॅनेलमध्ये दहा-वीस किंवा त्याहून जास्त वेगळे कोड ठेवता येतात. कोणत्या क्रमांकाच्या कोडने, कोणत्या दिवशी, किती वाजता अलार्म बंद केला याची नोंदही पॅनेल ठेवतो. सगळ्यांचा कोड एकच असेल तर ती नोंद कुचकामी. वेगळा असेल तर "त्या दिवशी काकींचा कोड वापरलाच गेला नव्हता" हे कागदावर दाखवता येते. वेगळा कोड काकींचे नाव राखतो.

मूळचा कोड कोण बदलतो?

पॅनेलमध्ये साधारण तीन दर्जाचे कोड असतात. एक फिटरचा, ज्याने पॅनेलच्या आतली मांडणी बदलता येते. दुसरा मास्टर, ज्याने इतरांचे कोड घालता-काढता येतात. तिसरे रोजच्या वापराचे. कारखान्यातून येताना पहिल्या दोघांचे आकडे ठरलेले असतात आणि ते कंपनीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. पुस्तिका इंटरनेटवर कोणालाही मिळते. मालक रोजचा कोड बदलतो आणि निर्धास्त होतो. फिटरचा आणि मास्टरचा मूळचाच राहिलेला असतो.

हे किती महागात पडते याचा अनुभव देशाने घेतला आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातले महिला रुग्णांचे सीसीटीव्ही चित्रीकरण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. तपासात ‘अॅडमिन१२३’ असा कोणीही ओळखेल असा पासवर्ड तसाच राहिल्याचे पुढे आले. त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने मूळचे पासवर्ड न बदललेले जगभरचे कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून घरगुती स्मार्ट उपकरणांवर सरसकट एकच सोपा पासवर्ड ठेवून विकायलाच बंदी घातली. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या कडक चाचण्या लागू झाल्या. पण हा नियम कॅमेऱ्यांचा आहे. आपल्या भिंतीवरच्या पॅनेलचा कोड बदलायला सरकार येणार नाही.

आकडा निवडतानाची चूक

चार आकडी कोडचे दहा हजार प्रकार होतात. ऐकायला पुष्कळ वाटते. पण २०१२ मध्ये एका अभ्यासकाने फुटलेल्या पासवर्डांमधले सुमारे ३४ लाख चार आकडी कोड तपासले, तेव्हा जवळपास ११ टक्के लोकांनी १२३४ हाच ठेवलेला निघाला. १११११ च्या धाटणीतला १११११ नव्हे, चार एकांचा ११११ दुसऱ्या क्रमांकावर होता, सहा टक्के. जन्मसालेही भरपूर. गावात तर गाडीचा नंबर, घर नंबर, मुलाचे जन्मसाल हे सगळ्यांना तोंडपाठ असते. असा कोड म्हणजे उंबऱ्याखाली ठेवलेली चावी.

आणखी एक बारीक गोष्ट. वर्षानुवर्षे एकच कोड दाबला की तीच चार बटणे झिजतात, काळी पडतात. कोणते चार आकडे हे नजरेने कळले की उरतात फक्त २४ प्रकार. सहा आकडी कोडची सोय असेल तर तो घ्यावा, आणि वर्षातून एकदा तरी बदलावा. चतुर्थीला सगळे घरी असतात, तो दिवस त्यासाठी बरा.

सामायिक घर, एकाचाच मास्टर

कोकणातली बरीच घरे सामायिक आहेत. चार भाऊ, दोन मुंबईत, एक पुण्यात, एक गावात. पॅनेलचे पैसे एकाने दिले, म्हणून मास्टर कोडही त्याच्याकडे. पुढे भावकीत काही बिनसले की बाकीच्यांचे कोड एका रात्रीत काढले जाऊ शकतात आणि मे महिन्यात पोराबाळांसह आलेला भाऊ दारात सायरन ऐकत उभा राहतो. मास्टर कोड हातात आहे म्हणून घर त्याचे होत नाही. हिस्सा कागदपत्रांवर ठरतो. पण तो ठरेपर्यंत घरात शिरता येत नाही, हेही तितकेच खरे.

रेडीच्या माथ्यावर यशवंतगड उभा आहे. शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत अशा तिघांत वाटलेला असे. एकट्याच्या भरवशावर गड सोडत नसत. सामायिक घरालाही तेच लागू पडते. मास्टर कोड दोघांना माहीत असावा आणि बंद पाकिटात लिहून घरातल्या वडीलधाऱ्यांकडे ठेवलेला असावा. मालक अचानक गेला आणि कोडही त्याच्याबरोबर गेला, असे व्हायला नको.

वीज, वारा आणि वय

मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पॅनेलच्या आतली बॅटरी तेवढी टिकत नाही. वीज आल्यावर कोड सहसा तसेच राहतात, पण घड्याळ चुकलेले असू शकते आणि मग नोंदीतल्या वेळाही चुकतात. बिघाड काढताना फिटरने पॅनेल पूर्ववत केला, म्हणजे ‘रीसेट’ मारला, तर पुन्हा कारखान्याचे कोड लागू होतात. त्यामुळे दुरुस्तीनंतर सगळे कोड नव्याने घालून घेणे गरजेचे.

दुसरी अडचण वयाची. सत्तरीतल्या काकींना अर्ध्या मिनिटात चष्मा शोधून आकडे दाबणे जमत नाही. दोनदा सायरन वाजला की त्या घाबरतात आणि मग अलार्म लावायचाच सोडतात. वारंवार खोटा वाजणारा सायरन शेजारीही ऐकून सोडून देतात. वेळ वाढवून घेणे किंवा आकड्यांऐवजी किल्लीसारखा रिमोट देणे हे फिटरला सांगितले तर होते. सायरन वाजल्यावर काकींनी आत न जाता ११२ ला फोन करायचा, हेही ठरवून ठेवावे.

निघण्यापूर्वी

रंगाऱ्याला दिलेला कोड रंग झाला की काढायचा. चतुर्थीसाठी पाहुण्यांना एक वेगळा कोड द्यायचा आणि मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी तो पुसायचा. कोणाला कोणता कोड दिला याची यादी वहीत ठेवायची, ग्रुपवर नाही. आणि काकींना त्यांचा स्वतःचा कोड द्यायचा, "हा फक्त तुमचा, माझापण नाही" असे सांगून. चावी हातात देताना जो मान होता, तो एवढ्याने राहतो.